शुक्रवारचे जादा कूलोम

निकल चांगलं चढलं की नाही, हे क्लेमेंटीनमावशी दात बघून ठरवायच्या. स्वतःचे दात. टाकीतून काढलेली कडी, नळाची तोटी, पट्ट्याचं बक्कल, जे काही असेल ते धुऊन तोंडासमोर धरायच्या आणि ओठ फाकवायच्या. खालच्या रांगेतला किडका दात ओळखू आला, तर माल पास. नाही आला, तर “ह्याला परत टाकीत घाला, ह्याला अजून लाज हाय,” असं म्हणून बाजूला ठेवायच्या.

मी तेव्हा नुकती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. बोळिंजच्या घरून एक बस आणि एक रिक्षा करून गोखिवऱ्याच्या त्या प्लेटिंगच्या, म्हणजे विजेनं निकलचा मुलामा देण्याच्या, गाळ्यात पोचायची. सत्याण्णव-अठ्ठ्याण्णवची ही गोष्ट. द्रावण तपासायचं, आम्ल किती आणि निकल किती ते सांगायचं, हे माझं काम. मला मोघमपणा सहन होत नाही, लहानपणापासून नाही. आई भाजीत “अंदाजानं मीठ घाल” म्हणाली, तरी माझं डोकं फिरायचं. अशा मुलीच्या नशिबी दात बघून माल पास करणारी बाई यावी, याला काय म्हणायचं?

मावशी पाचूबंदरच्या, रुमावांच्या घरातल्या. अर्धं आयुष्य बोंबील वाळवण्यात गेलेलं. नवरा आलोशियस होडीवर जायचा, पण होडी ओढताना त्याचा गुडघा कायमचा गेला, तेव्हा मावशींनी दर महिन्याला ठरलेला पगार येईल असं काम शोधलं. जाऊबाई आमच्या गाळ्यात पॅकिंगला होत्या, त्यांच्यामागोमाग ह्याही आल्या आणि आठवड्याभरात पॅकिंगच्या टेबलावरून उठून टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. “काळंकुट्ट आत जातं नि चांदीसारखं भायेर येतं. हे सोडून खोकी कोन भरील?” टाकीवर तेव्हा आत्माराम नावाचे जुने कारागीर होते. त्यांनी मावशींना सगळं शिकवलं आणि दोन वर्षांनी गावी निघून गेले. तेव्हापासून टाकी मावशींची. त्या टाकीवर त्यांचं इतकं प्रेम होतं की सुट्टी असली की त्या चिडचिड करायच्या, असं त्यांची मुलगी सुझान सांगायची.

आता प्लेटिंगमध्ये सगळा खेळ वेळेचा असतो. करंट किती आणि तो किती वेळ, यावर निकलचा थर ठरतो. पण आमच्या गाळ्यात घड्याळ टिकायचंच नाही. आम्लाच्या वाफेनं काटे गंजायचे, मग घड्याळ अडखळायचं आणि एक दिवस बारा वाजवून कायमचं गप्प व्हायचं. मालक जितेंद्रभाऊंनी तीन घड्याळं आणली आणि तिन्ही गेली. म्हणून आत्मारामकाका विड्यांवर वेळ मोजायचे. दाराशी उभं राहून तीन विड्या झाल्या की माल लटकवलेली दांडी टाकीबाहेर. मावशी विडी ओढत नव्हत्या. त्यांनी विड्यांच्या जागी रोजरी आणली.

रोजरी म्हणजे पवित्र मरियेची जपमाळ. दहा-दहा ‘नमो मरिया’च्या पाच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला प्रभूच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा. आमच्या टाकीवरच्या दांडीला दहा हूक होते आणि प्रत्येक हुकावर एक तुकडा. मावशी हातात रबरी मोजे घालून एकेका ‘नमो मरिया’ला एकेक हूक धरून हलकासा हिसका द्यायच्या. दहा हूक झाले की एक फेरी. अशा पाच फेऱ्या झाल्या, शेवटचं ‘आमेन’ झालं, की दांडी वर. माळेची गरजच नव्हती, दांडीच त्यांची माळ होती.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. जितेंद्रभाऊंना जाऊन म्हटलं, की हे असं चालायचं नाही. ते म्हणाले, “गेली सहा वर्षं चाललंय की.” आणि ते खरंही होतं. तोट्या, कड्या, बकलं यांचा थर मोजायला कोण बसलंय? चमकलं म्हणजे झालं.

मग कुलपांच्या एका कंपनीचं काम आलं.

दाराच्या कुलपातून आत-बाहेर सरकतो तो पितळी बोल्ट. त्यावर निकल चढवायचं. कंपनीचे साहेब विघ्नेश टिपणीस, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील, पण बोलणं पन्नाशीतलं. आम्ही पाठवलेला नमुना त्यांनी प्रयोगशाळेत तपासला, थर मोजला, तो त्यांना पसंत पडला आणि उलटं गणित करून त्यांनी कळवलं, की एका दांडीला अठरा हजार कूलोम विद्युतभार द्यायचा. कमी झाला तर पितळ उघडं पडेल, जास्त झाला तर बोल्ट जाड होऊन कुलपात अडकेल. मला तर हर्षच झाला. अखेर कुणीतरी आकड्यात बोलणारा माणूस भेटला होता.

पहिल्या आठवड्यात सोमवारचा माल पास झाला. मंगळवारचा परत आला, बोल्ट अडकत होते. बुधवारचा, गुरुवारचा पास. शुक्रवारचा परत. शनिवारचा पास.

करंट तोच होता, वीस अँपिअर. द्रावण मी स्वतः तपासलेलं. तापमान तेच. पुढच्या आठवड्यातही तसंच झालं. जितेंद्रभाऊंनी दारावर लिंबू-मिरची टांगली. मंगळवारी बोल्ट पुन्हा अडकले. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “सुरुची, मी मावशींना पॅकिंगला बसवतो. पगार तोच ठेवीन. पण टाकीवर आता घंटीचं टायमर आणि नवा माणूस. हे काम हातचं गेलं तर गाळा चालवणं कठीण आहे.”

माणूस वाईट नव्हता. मावशींना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, मोजे काढून खिळ्याला अडकवले आणि खोकी भरायला जाऊन बसल्या. जेवणाच्या वेळी त्यांचा डबा उघडलाच नाही, तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्यांच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या वासावरून मी रोज कटकट करायची, त्या दिवशी तोच वास यावा म्हणून मी वाट बघत होते.

नवा माणूस दोन दिवस टिकला. पंधरा मिनिटांनी टायमरची घंटी वाजली की दांडी वर, एका सेकंदाचा फरक नाही. थर अगदी बरोबर आला, पण बोल्टांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. पाणी उकळताना भांड्याला बुडबुडे चिकटतात ना, तसे प्लेटिंगमध्येही तुकड्याला चिकटतात, आणि ते झटकले नाहीत तर तिथे निकल बसतच नाही. मावशी प्रत्येक ‘नमो मरिया’ला हूक हलवायच्या, म्हणून आजवर आम्हाला खड्डे ठाऊकच नव्हते. नव्या माणसाला मी सांगितलं, हलवत राहा. तो चार वेळा हलवायचा आणि बाहेर बघत बसायचा.

जितेंद्रभाऊंनी मावशींना परत बोलावलं, पण टायमर ठेवून. “घंटी वाजली की काढायचं, मावशी. आठ दिवस बघू. जमलं तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस आणावा लागेल. कंपनीचे साहेब पुढच्या शुक्रवारी स्वतः येतायत.”

मंगळवारी घंटी वाजली. मावशी पाचव्या फेरीच्या सुरुवातीला होत्या. त्या हलल्याच नाहीत. घंटी कोकलत राहिली, मावशी शांतपणे हूक हलवत राहिल्या, आणि ‘आमेन’ म्हणूनच दांडी उचलली.

“मावशी, घंटी!” मी ओरडलेच.

“ऐकली. पन अर्ध्यात कशी सोडू? तू बापाशी बोलता बोलता फोन खाली आपटतीस काय?”

“मग काल घंटीबरोबर संपली ती आजच का नाही संपली?”

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. “आज मंगळवार नाय का? मंगळवारी नि शुक्रवारी दुःखाची असते.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. सोमवारी-गुरुवारी आनंदाचे प्रसंग आठवायचे, बुधवारी-शनिवारी गौरवाचे. मंगळवार-शुक्रवारी दुःखाचे, म्हणजे प्रभूला पकडलं, फटके मारले, काट्यांचा मुकुट घातला, क्रूस वाहायला लावला आणि खिळलं. प्रार्थना तीच, मणी तेवढेच. “मग वेळ का जास्त?” मी विचारलं. मावशी जरा लाजल्या. मग म्हणाल्या, “शिपायांना बोलते मी.”

“कुठल्या शिपायांना?”

“ते रोमी शिपाई. मला त्यांचा राग येतो, बाय. एकटा मानूस, बांधलेला, नि ह्ये पन्नास जन. प्रत्येक फेरीला त्यांना चार शब्द सुनावल्याबिगर माझ्याच्यानं पुढं जावत नाय. पाद्री बोलला, क्लेमेंटीन, प्रार्थनेत भांडन नको. मी बोलली, फादर, मग त्यांना कोन बोलनार?”

मी हसत सुटले. इतकी हसले की जितेंद्रभाऊ ऑफिसातून बाहेर आले. माझं घड्याळ मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवायची, ते काढून मी दिवसभर प्रत्येक दांडी मोजली. दुःखाची रोजरी अठरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी गौरवाची मोजली, पंधरा. गुरुवारी आनंदाची, तीही पंधराच.

“तो तुजा कूलोम केवढा असतो?” मावशींनी विचारलं.

“एक अँपिअर एक सेकंद वाहिला की एक कूलोम.”

“नि त्या चमकीच्या डब्यावर लिवलंय ते अँपिअर-तास?” द्रावणात चमक येण्यासाठी जे रसायन घालतात, ते इतक्या अँपिअर-तासांना इतकं, असं डब्यावर लिहिलेलं असे.

“तोच एक अँपिअर तासभर वाहिला, की एक अँपिअर-तास. तासात छत्तीसशे सेकंद, म्हणून त्याचे छत्तीसशे कूलोम.”

“म्हंजे बंदरावर पाटीनं विकायची नि बाजारात वाट्यानं. मासळी तीच.”

“अगदी तीच.”

“मग माझ्या रोजरीचे किती?”

मी खडू घेतला आणि भिंतीवरच गणित मांडलं. आनंदाची पंधरा मिनिटं म्हणजे नऊशे सेकंद. गुणिले वीस अँपिअर, अठरा हजार कूलोम. साहेबांना हवे तेवढेच, कारण त्यांना पसंत पडलेला नमुना सोमवारचा होता. छत्तीसशेनं भागा, पाच अँपिअर-तास. दुःखाची अठरा मिनिटं, एक हजार ऐंशी सेकंद, एकवीस हजार सहाशे कूलोम, सहा अँपिअर-तास.

“म्हणजे एक अँपिअर-तास जादा,” मी म्हटलं. “छत्तीसशे कूलोम.”

मावशींनी भिंतीकडे बराच वेळ बघितलं. “शिपायांचे ते,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

जितेंद्रभाऊंना वाटलं, सुटलं कोडं. “मावशी, मग मंगळवार-शुक्रवारी पण आनंदाचीच म्हणा ना.” मावशींचा चेहरा पडला. “भाऊ, सुतकाच्या घरी जाऊन कोनी लग्नाची गानी गातं काय?” मग भाऊंनी सुचवलं, की निदान शिपायांना बोलू नका. मावशी म्हणाल्या, प्रयत्न करीन, पण त्यांच्या तोंडावरूनच कळत होतं की ते त्यांना जमणार नाही. पॅकिंगचं टेबल पुन्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. त्या मोज्यांची बोटं ओढत उभ्या राहिल्या.

आणि मग त्याच म्हणाल्या, “कालवनाला जास्ती वेळ लागनार असंल तर आपन आच कमी करतो. इथं नाय करता येत?”

मी भिंतीकडे वळले. अठरा हजार भागिले एक हजार ऐंशी. सोळा पूर्णांक दोन तृतीयांश अँपिअर. वेळ वाढला तर करंट कमी करायचा, भार तेवढाच राहतो. पहिल्या वर्षाचा धडा होता हा, आणि इतके दिवस आम्ही सगळे वेळेच्याच मागे लागलो होतो. मी मावशींना मिठी मारली. त्यांच्या एप्रनवरचं द्रावण माझ्या ड्रेसला लागलं, त्याचा हिरवा डाग नंतर कधी गेला नाही.

शुक्रवारी टिपणीस साहेब आले. मी त्यांना रीतसर सांगितलं, की आठवड्यातले दोन दिवस आम्ही कमी करंट आणि जास्त वेळ वापरतो, भार सारखाच. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कामाची सोय. त्यांनी स्वतः टाकीला करंट पुरवणाऱ्या रेक्टिफायरचं बटण फिरवून काटा बरोबर साडेसोळाच्या किंचित पुढे आणला आणि म्हणाले, “आता याला कुणी हात लावायचा नाही. आणि टाकीवरच्या बाईंना कुणी सूचना द्यायच्या नाहीत. मला पद्धत बघायचीय.”

मावशींनी दहा बोल्ट अडकवले, दांडी सोडली आणि सुरुवात केली. मी खिशातलं घड्याळ चोरून बघत होते. पहिली फेरी तीन मिनिटांत संपली. दुसरीही तीन मिनिटांत. मावशी परक्या साहेबासमोर लाजत होत्या! ओठ बंद, मान खाली, शिपायांना एक अवाक्षर नाही. या चालीनं रोजरी पंधरा मिनिटांत आटोपणार, आणि या करंटवर पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच हजार कूलोम. थर पातळ पडणार. शेवटी दांडी नुसती लटकवून ठेवली तर खड्डे पडणार. जितेंद्रभाऊ माझ्याकडे बघत होते, मी मावशींकडे. सूचना द्यायची नव्हती.

तिसरी फेरी सुरू झाली, काट्यांच्या मुकुटाची. मी खोकले आणि जितेंद्रभाऊंना म्हणावं तसं म्हटलं, “आज शिपाई फार स्वस्तात सुटले, नाही?”

मावशींचा हात हुकावर थांबला. एक क्षणच. मग त्यांनी हूक असा हलवला की द्रावण काठावर उडालं, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. इतर वेळी आमच्याशी त्या सावकाश मराठीत बोलायच्या. हे पाचूबंदरचं घरचं बोलणं होतं, मला अर्धंच कळलं. कळलं तेवढ्यात शिपायांच्या आईचा उद्धार होता, त्यांच्या पलटणीत एकही बाप्या नव्हता का अशी चौकशी होती, आणि काटे गोळा करायला गेलात तेव्हा तुमच्या स्वतःच्या पायात एकही कसा गेला नाही, असा सवाल होता. पहिल्या दोन फेऱ्यांत राहून गेलेलंही त्यांनी त्यात घेतलं. आणि हे चालू असताना हात एकेक हूक नेमानं हलवत होता.

साहेब दोन पावलं मागे सरकले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “कुणाला बोलतायत या?”

“रोमन शिपायांना.”

“का?”

“तीन मिनिटांसाठी, सर.”

चौथ्या फेरीत क्रूस वाहायला लावणाऱ्यांची हजेरी घेऊन झाली, पाचव्या फेरीत मावशींचा आवाज उतरला, डोळे भरून आले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत त्या शेवटच्या हुकापर्यंत पोचल्या. ‘आमेन’ झालं. दांडी वर आली. मी घड्याळ बघितलं, बरोबर अठरा मिनिटं.

साहेबांनी दहाही बोल्ट धुऊन, पुसून, एकेक करून मापले. भिंग लावून खड्डे शोधले. बरोबर आणलेल्या कुलपात प्रत्येक बोल्ट सरकवून बघितला. तो लोण्यात सुरी जावी तसा जायचा. मग जितेंद्रभाऊंकडे वळले.

“दहाच्या दहा सारखे. असा एकसारखा माल मी अजून कुठे बघितला नाही. ही पद्धत मंजूर. पण आमच्याकडे एकदा मंजूर झालं, की मग काही बदलायचं नाही. द्रावण नाही, ज्या त्या दिवसाचा करंट नाही, टाकीवरच्या बाई तर अजिबात नाहीत. त्या नसतील त्या दिवशी आमचा माल लावू नका.”

जितेंद्रभाऊ मान डोलावत राहिले. मावशींना यातलं नीट काही समजलं नव्हतं. त्या ओले मोजे घालून, साहेबांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. मी जाऊन त्यांना सांगितलं, “मावशी, टाकी तुमचीच. तुम्हाला इथून हलवायची आता भाऊंनासुद्धा परवानगी नाही.” परीक्षेत पहिली आले होते तेव्हा मला एवढा आनंद झाला नव्हता.

मावशींनी दंडाला डोळे पुसले. गाळ्यातल्या सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. मग जितेंद्रभाऊंकडे बघून म्हणाल्या, “मंग उभे काय ऱ्हायलात, भाऊ? दांडी रिकामी हाय. बोल्ट लावा.”

आणि जितेंद्रभाऊंनी बाह्या सरसावल्या आणि एकेक बोल्ट हुकाला लावायला घेतला.